चुन्याची निवळी

हिद्दच्या प्लँटवर मी दिवसभर
समुद्रातून मीठ काढतो.
रात्री मुहर्रकला, तिसऱ्या मजल्यावर,
बादलीभर गोड्या पाण्यात मीठ कालवतो
आणि पुन्हा समुद्र करतो.
सुनेत्रा म्हणते, दोन्ही कामांचा पगार घे.

साडेतीन फुटी काचेची पेटी.
तिच्यात तळहाताएवढी सात प्रवाळं.
त्यांना हाडं धरायची आहेत,
म्हणून चुना लागतो. थोडा थोडा, रोज,
आणि रात्रीच,
कारण दिवे मालवले की पेटीतलं पाणी आंबटत जातं.

दुकानात डोसिंग पंप मिळतो, पंच्याऐंशी दिनारला.
मी आकडा ऐकून बाहेर आलो.

सुनेत्राच्या वॉर्डातून मुदत संपलेला सलाईनचा सेट आला,
मोडीत निघालेल्या डायलिसिस मशीनचा पंप आला:
तीन रूळ गोल फिरतात, नळी पिळतात,
धार काढणाऱ्या बोटांसारखे, पण घाई नसलेले.
टायमर मनामाच्या सुकातला.
बरणी लोणच्याची, चार वेळा धुतली
तरी मोहरीचा वास जाईना.
खालच्या अब्बासनं झाकणाला भोक पाडून दिलं.
एसी दुरुस्त करतो तो. विचारलं, दवा?
मी म्हटलं, दवाच.

आई आम्हाला निवळी पाजायची.
रात्री खडा भिजत घालायची पितळीत,
सकाळी वरवरचं नितळ तेवढं चमच्यानं घ्यायची,
साका ढवळला की पाठीत धपाटा.
जतला समुद्र नव्हता. पाणीसुद्धा टँकरनं यायचं.
मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून,
चोविसाव्या वर्षी,
आणि इतकं पाणी बघून मला आधी राग आला.

मी तिच्यासारखाच बरणी हलवत नाही.
नळीचं टोक साक्यापासून चार बोटं वर.

प्लँटवर चुना टनानं येतो.
खारट, गरम उरलेलं पाणी
मोठ्या पाइपातून परत जातं, जिथून घेतलं तिथेच.
पाइपाच्या तोंडाशी पूर्वी प्रवाळं होती म्हणे.
नार्वेकर शिफ्ट संपताना म्हणतो,
आपण समुद्राला चुना लावतो की रे.
आणि हसतो. मी सही करतो,
घरी येऊन चुना भिजत घालतो.

ऑगस्टमध्ये, तेराव्या रात्री, पंपाचा एक रूळ झिजला.
बरणी मी पेटीच्या वर ठेवली होती, फळीवर.
प्लँटवर कुणी हे केलं असतं
तर मीच मेमो दिला असता.
पहाटे चारला उठलो तर पेटी दुधाची.
फ्रीजमधल्या सोड्याच्या दोन बाटल्या ओतल्या,
घोट घोट, मीटर बघत,
पिवळा मासा आडवा तरंगत होता, त्याला बाजूला केलं.
उरलेलं सगळं मिटून बसलं होतं.
शाल्मलीचा पुण्याहून फोन आला, मी घेतला नाही.
मासा तिनं निवडला होता.

आता बरणी फरशीवर आहे.
नवा रूळ अब्बासनं घासून दिला, पैसे घेतले नाहीत.
नळीचं टोक पाण्याच्या दोन बोटं वर लटकतं,
मध्ये हवा.
सातातली पाच उघडली. सहाव्याचं सांगता येत नाही.

सुनेत्रा नाइट ड्यूटीवरून आली.
चप्पल काढायच्या आधी पेटीपुढे उभी राहिली,
ड्रेसला टाचलेलं घड्याळ उलटं धरून
ओठ हलवत थेंब मोजू लागली,
वॉर्डात मोजते तशी.
मग वाकली, बटण केसभर मागे फिरवलं,
पुन्हा एक मिनिट मोजलं.

अकरा, म्हणाली,
आणि झोपायला गेली.